खैरावरची दोन आळंबी



या खेपेला भात-नाचणी सोडून झाडांविषयी लिहितो आहे. त्याला कारण झाले एक पत्र. संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीतून एका वहिनींनी ते पाठवले. अक्षर नेटके, मजकूर मोजका. त्या लिहितात, "आमच्या घरामागच्या वरकस जमिनीत मामंजींनी लावलेले खैर आहेत. लहानमोठे धरून एकवीस. धाकट्या नणंदेच्या लग्नाला त्यांतलेच काही विकायचे ठरले आहे. या पावसात दोन झाडांना आळंबी आली. भाऊजी म्हणतात, दोन्ही झाडे ताबडतोब तोडा, नाहीतर सगळे खैर जातील. मामंजी म्हणतात, जुन्या झाडाला आळंबे यायचेच, कोयत्याने खरवडून टाका. यावरून दोघांचे आठ दिवस बोलणे नाही. आपण काय ते सांगावे."

सोबत दोन फोटो होते. एकात झाडाच्या पायाशी तांबडे, चकचकीत काहीतरी उगवलेले. दुसऱ्यात खोडाला वर चिकटलेले काळे ढेकूळ. फोटो पाहून चार ओळींत उत्तर देता आले असते. पण अशाच प्रश्नाला मी एकदा घाईने उत्तर दिले होते आणि ते साफ चुकले होते. ती हकीकत पुढे सांगतो. या वेळी मात्र श्रावणातल्या एका उघडिपीला एस. टी.ने वाडी गाठली.

घरामागे जांभ्याचा उतार आणि त्यावर खैरांच्या दोन ओळी. अण्णा, म्हणजे वहिनींचे सासरे, ओटीवरच बसले होते. मला पाहून म्हणाले, "साहेब, तुम्ही तोडा म्हणालात तर तोडीन. पण आधी झाड बघा, मग बोला." हे बोलणे मला आवडले. धाकटे भाऊजी काही न बोलता पुढे चालू लागले.

पहिले झाड खालच्या ओळीत, टोकाला. बुंध्यापासून वीतभर अंतरावर, जमिनीखालच्या मुळातून उगवल्यासारखी चार आळंबी. आखूड, वाकडा दांडा आणि त्यावर पंख्यासारखी पसरट टोपी. टोपीचा वरचा भाग लाल-तपकिरी आणि इतका तुकतुकीत, की कोणी नुकते रोगण फिरवले आहे असे वाटावे. वाढती कड मात्र पांढरट-पिवळसर. खालची बाजू दुधी रंगाची, बारीक छिद्रांची. तिथे नख ओढले की तपकिरी रेघ उमटते. हातात घेतले तर बुचासारखे हलके. आसपासच्या गवतावर कोकोच्या भुकटीसारखी तपकिरी धूळ बसली होती. ते या आळंब्याचे बीजाणू. आळंब्यावरून नजर वर शेंड्याकडे नेली, तर डहाळ्या विरळ, पाने फिकट, आणि दोन फांद्या पार वाळलेल्या. ऐन श्रावणात, जेव्हा खैर पानांनी भरून जातो तेव्हा, हे झाड अर्धे उघडे होते.

दुसरे झाड वरच्या ओळीत, विहिरीच्या वाटेपासून बाजूला, सगळ्यांत जुने. याचे आळंबे माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, जिथे कधीकाळी एक जाड फांदी तुटली होती त्या खुंटाला लागून. घोड्याच्या खुरासारखा आकार, दांडा नाही, पाठ थेट खोडाला चिकटलेली. वरून काळपट, भेगाळलेले, आणि एकाखाली एक वळ्या. कड गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची. टणक इतके, की भाऊजींनी कोयत्याची पाठ मारली तर खणखणीत आवाज आला. आणि झाड? वरपर्यंत हिरवेगार. अण्णा तेवढ्यावर म्हणाले, "हे झाड आजारी दिसते का तुम्हाला?"

दिसत नव्हते. पण आजारी दोन्ही होती. फरक होता तो आजार कुठे बसला आहे, त्यात.

पहिल्या आळंब्याचे नाव गॅनोडर्मा ल्युसिडम. गॅनोडर्मा म्हणजे चकचकीत कातडीचे. हे नाव इंग्लंडमधल्या नमुन्यावरून १७८१ साली पडले. आता शास्त्रज्ञ म्हणतात की मूळचे ल्युसिडम युरोपातले, आणि आशियात त्या नावाने ओळखली जाणारी आळंबी त्याची भावंडे आहेत. आपल्याला त्या वादात शिरायचे कारण नाही. वागणूक एकच आहे. दुसऱ्याचे नाव फेलिनस बॅडियस. जुन्या पुस्तकांत ते फोमीस बॅडियस म्हणून सापडते. बॅडियस म्हणजे पिंगट तपकिरी. त्याचा तुकडा मोडून आतल्या गंजरंगी मगजावर पोटॅशच्या पाण्याचा थेंब टाकला की मगज काळा पडतो. प्रयोगशाळेत फेलिनसच्या जातकुळीची ओळख पटवायला हीच खूण वापरतात. दोन्ही मूळची जंगलातली. खैर, बाभूळ यांसारख्या झाडांवर दोन्ही आढळतात, आणि आपण जंगलातली झाडे बांधावर आणली तेव्हा ती मागोमाग आली.

इथे एक गोष्ट आधी मनातून काढून टाका. आपल्याला दिसते ते आळंबे म्हणजे बुरशी नव्हे. ते तिचे फळ. आंब्याच्या झाडावरून आंबा काढला म्हणजे झाड मेले असे होत नाही. तसे आळंबे खरवडल्याने आतली बुरशी मरत नाही. तिचे खरे अंग म्हणजे पांढरे, केसाहून बारीक तंतू. ते लाकडात वर्षानुवर्षे पसरत असतात आणि पोट भरले की मग बाहेर आळंबे काढतात. तेव्हा आळंबे दिसले म्हणजे रोग आज आला असे नाही, तो बऱ्याच काळापासून आत आहे. अण्णांनी गेल्या साली एक आळंबे खरवडून टाकले होते. यंदा त्याच जागी चार आली.

लाकूड म्हणजे मुख्यतः दोन वस्तूंची बांधणी. सेल्युलोजचे धागे आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारे लिग्निन. सिमेंटमध्ये सळ्या घालतात तसे समजा. काही बुरश्या नुसत्या सळ्या खातात आणि सिमेंट ठेवतात. तिथे लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटते, बोटाने चुरडले की भुगा होतो. आपल्या दोन्ही आळंब्यांना मात्र सिमेंटही पचते. त्यांनी खाल्लेले लाकूड पांढुरके, मऊ, स्पंजासारखे होते. म्हणून कुजलेला तुकडा हातात घेऊन हे कोणाचे काम ते सांगता येत नाही. दोघांची कूज पांढरी. ओळख पटते ती जागेवरून आणि आळंब्याच्या रूपावरून.

आता झाडाची रचना आठवा. खैर आडवा कापला तर बाहेर पांढऱ्या लाकडाचे कडे आणि आत गडद लाल गाभा. पांढरे लाकूड जिवंत, मुळांचे पाणी त्यातून वर चढते. लाल गाभा मेलेला, पण झाडाला उभे धरणारा. कात निघतो तो या लाल गाभ्यातून. त्याच्या ढलप्या पाण्यात उकळायच्या, पाणी आटवायचे, थंड होऊ द्यायचे. कातकरी हे नावच त्या धंद्यावरून पडले. खैराची किंमत म्हणजे गाभ्याची किंमत, आणि तो गाभा धरायला झाडाची कितीतरी वर्षे जातात.

फेलिनस हा गाभ्याचा गिऱ्हाईक. जिवंत पांढऱ्या लाकडाला तो सहसा फारसा त्रास देत नाही, म्हणून पाणी वर चढत राहते आणि झाड हिरवे दिसते. आतून मात्र ते वर्षागणिक पोकळ होते. अशी झाडे दहा-दहा, वीस-वीस वर्षे उभी राहतात. अण्णांचे म्हणणे या झाडापुरते अगदी खोटे नव्हते ते यामुळे.

गॅनोडर्मा मुळांचा आणि बुंध्याचा शत्रू. तो मुळे कुजवतो, पाणी तुटते, शेंडा वाळतो, झाड मरते. कधी मरण्याआधीच वाऱ्याने मुळासकट आडवे होते. आणि सर्वांत वाईट म्हणजे तो जागेवर थांबत नाही. रोगट झाडाचे मूळ शेजारच्या झाडाच्या मुळाला जमिनीत कुठे चिकटले, की तंतू तिथून पलीकडे जातात. फेलिनस हे करत नाही. त्याचे बीजाणू हवेतून उडतात आणि एखाद्या उघड्या जखमेत पडले तर रुजतात. शेजारच्या झाडाला जखम नसेल तर त्याला त्यापासून फारसे भय नाही.

भाऊजींची भीती पहिल्या झाडापुरती खरी आणि अण्णांचा धीर दुसऱ्या झाडापुरता खरा, अशी ही गंमत होती. दोघेही आपापले झाड डोळ्यांसमोर ठेवून भांडत होते.

आता माझी चूक. १९९९ च्या सुमारास मी देशावर एका तालुक्यात होतो. एका शेतकऱ्याच्या बांधावर बाभळींची रांग, आणि त्या रांगेच्या शेवटी गोठा. एका बाभळीला वर काळे खुरासारखे आळंबे, दुसरीच्या पायाशी तांबडी चकचकीत आळंबी. मला काळे भयंकर दिसले. तांबडे पावसाळ्यापुरते येते नि जाते म्हणून किरकोळ वाटले. मी सांगितले, काळ्या आळंब्याची बाभूळ तोडा, दुसरी राहू द्या. पोरे ती तांबडी आळंबी खेळायला नेत. दोन वर्षांत ती बाभूळ वाळली, मग तिच्या शेजारची, आणि तिसरी अजून हिरवी दिसत असताना वळवाच्या वाऱ्यात गोठ्यावर आडवी पडली. जनावरे रानात होती म्हणून वाचली. कौले, वासे आणि एक गव्हाण गेली. मी भेटायला गेलो तेव्हा तो शेतकरी मला काही बोलला नाही, चहा दिला. उपटून पडलेल्या मुळांकडे पाहिले तर पांढरी, भिजल्या कापसासारखी. तोडायला सांगितलेल्या बाभळीची मुळे मात्र, खुंट उकरला तेव्हा, शाबूत निघाली होती. त्यानंतर मी या विषयाची पुस्तके मिळवून वाचली. आधी वाचायला हवी होती.

डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत डॉ. बी. के. बक्षी यांनी या आळंब्यांचा मोठा अभ्यास केला. झाडांवरच्या आणि लाकडावरच्या भारतीय आळंब्यांवरचा त्यांचा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७१ साली काढला. उत्तरेकडे जुने मिश्र जंगल तोडून त्या जागी खैराची लागवड केली, तिथे गॅनोडर्माने झाडे मरू लागली. कारण शोधले तेव्हा आढळले की जुन्या झाडांचे खुंट आणि मुळे जमिनीतच ठेवली होती. बुरशी त्या मेलेल्या मुळांवर पोसली आणि नव्या रोपांची मुळे वाढत वाढत तिथे पोचली, की त्यांत शिरली. म्हणजे रोगाचे कोठार जमिनीखाली होते. अण्णांना मी विचारले, "इथे आधी काय होते?" ते म्हणाले, "शिरीष होता मोठा. तोडला आणि त्याच्या खुंटाशेजारी हा खैर लावला. खुंट काढायला गडी कुठले?" शिरीषही गॅनोडर्माचे आवडते झाड. उकरून पाहिले तर जुन्या खुंटाचे उरलेसुरले लाकूड बोटाने दबत होते.

किनारपट्टीच्या वाचकांनी इथे कान द्यावा. हीच जातकुळी माडालाही धरते. तंजावर भागात माडावरच्या या रोगाची नोंद १९५२ साली झाली, म्हणून त्याला तंजावर मर म्हणतात. बुंध्याच्या तळाला भेगा पडून तपकिरी चिकट रस गळतो, झावळ्या खाली लोंबतात. सुपारीलाही हा रोग होतो. कर्नाटकात त्याला अणबे रोग म्हणतात. कानडीत अणबे म्हणजे आळंबे. तेव्हा माडाच्या बागेत मेलेल्या माडाचा खुंट ठेवून शेजारी नवे रोप लावत असाल, तर अण्णांचीच गोष्ट तुमच्याकडे घडेल.

पहिल्या झाडाबाबत मी जे सांगितले ते असे. हे झाड वाचणार नाही. अशा झाडाची मुळे पुन्हा धड करणारे औषध आपल्या हाती नाही. पण कूज अजून बहुधा मुळांत आणि बुंध्याच्या तळाशी आहे, वरचा गाभा बराचसा चांगला निघेल. म्हणून वाळून कोळ होईपर्यंत थांबू नये. खैर स्वतःच्या जमिनीतला असला तरी तोडण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन परवानगीचे आणि वाहतुकीच्या पासाचे विचारावे. व्यापारी "आम्ही बघून घेतो" म्हणतो, त्याच्या शब्दावर जाऊ नये. झाड तोडल्यावर काम अर्धेच होते. खुंट आणि हाताला लागतील तेवढी मुळे उकरून काढावीत, उन्हात वाळवून चुलीत घालावीत. जुन्या शिरीषाचा खुंटही त्याच वेळी काढावा.

त्याबरोबर चर खणावा. पुष्कळजण तो रोगट झाडाला लागून खणतात आणि फसतात, कारण तोपर्यंत बुरशी शेजाऱ्याच्या मुळात गेलेली असते. चराच्या आत रोगट झाड आणि त्याला लागून असलेले, दिसायला निरोगी झाडही घ्यावे. खोली दोन ते तीन फूट, रुंदी फूटभर, आणि वाटेत येणारे प्रत्येक मूळ तोडायचे. एक जरी जाड मूळ आरपार राहिले तरी मेहनत फुकट. माती आतल्या बाजूला टाकावी. जांभ्यात हे काम पहारीचे आहे, सोपे नाही. पण उरलेल्या एकोणीस-वीस झाडांपुढे चार माणसांचे दोन दिवस मी महाग म्हणणार नाही. त्या जागी दोन-तीन वर्षे खैर, बाभूळ, शिरीष काही लावू नये. गवत राहू द्यावे किंवा वरी-नाचणी घ्यावी.

शेजारच्या झाडावर लक्ष ठेवायचे ते श्रावण-भाद्रपदात. उन्हाळ्यात खैर पानगळीने उघडाच असतो, तेव्हा बघून काही कळत नाही. पावसाळ्यात सगळी झाडे भरलेली असताना एखादेच विरळ दिसले, तर त्याच्या पायाशी जाऊन बसावे. आळंबे नसेल तरी थोडी माती उकरून मूळ पाहावे.

दुसऱ्या झाडाकडे आलो. कोयत्याच्या पाठीने खोड चारी बाजूंनी ठोकत गेलो. वर, आळंब्याभोवती, ढोलकीसारखा बोलका आवाज. खाली कमरेच्या उंचीला भरीव. म्हणजे पोकळी वर आहे, खाली अजून पोचलेली नाही. भाऊजी म्हणाले, "गिरमिटाने भोक पाडून बघू." मी नको म्हटले. झाड आतल्या कुजीभोवती स्वतःच एक भिंत उभी करत असते. भोक पाडले की ती भिंतच फुटते. झाडे तपासणाऱ्यांचा एक ढोबळ आडाखा आहे. खोडाच्या मध्यापासून सालीपर्यंत जे अंतर, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके तरी बाहेरचे लाकूड धड असेल, तर झाड सहसा मोडत नाही. फूटभर जाडीच्या खोडाला चहूबाजूंनी दोन इंच धड लाकूड हवे. मात्र खोडाला उघडी ढोली वा मोठी भेग असेल तर हा आडाखा धरू नये.

ही कूज शिरली कुठून, ते अण्णांनी स्वतःच सांगितले. भाजावळीसाठी कवळ तोडताना एका साली ती फांदी कोयत्याने अर्धी तोडली, मग ओढली. ती खोडाची साल घेऊन खाली आली आणि हातभर खुंट उरला. अशा खुंटावर साल चढत नाही. तो वाळतो, भेगाळतो, आणि बुरशीला थेट गाभ्यापर्यंत वाट मिळते. फांदी काढायचीच तर आधी खालून थोडी करवत घालावी, मग वरून कापावे, म्हणजे साल सोलत नाही. आणि जिथे फांदी खोडाला मिळते तिथली फुगीर कड शाबूत ठेवून तिच्या बाहेर कापावे. खुंट लांब ठेवू नये, खोडाला घासूनही कापू नये. करवत पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावरच घ्यावी.

वरून डांबर फासावे काय, असे वहिनींनी विचारले. मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षांत गावोगाव डांबर फासायला सांगितले आहे. अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिले, की झाड जखम भरत नाही, ती कोंडून टाकते. आणि वरून फासलेल्या लेपाने आतली कूज थांबत नाही. १९७७ साली त्यांनी हे मांडले. आमच्यापर्यंत ते यायला बराच वेळ लागला. आंबा-काजूला कृषी विद्यापीठे बोर्डोपेस्ट सांगतात, ती लावा, पण ती वेड्यावाकड्या तोडीवरची मलमपट्टी समजू नका.

हे झाड तोडायचे की नाही? इथे मी एकच उत्तर देऊ शकलो नाही. विक्रीच्या दृष्टीने थांबण्यात तोटा आहे, कारण दरवर्षी गाभा कमी होणार. व्यापारी पोकळी पाहून भाव पाडतो, आणि त्या खोडाचा वरचा भाग आजच गेलेला आहे. दुसरीकडे, हे झाड शेजाऱ्यांच्या मुळांना बाधत नाही, घर वा गोठा त्याच्या पडण्याच्या टप्प्यात नाही. शिवाय तुटल्या फांदीच्या ढोलीत सातेरी मधमाश्यांचे पोळे होते, हे वहिनींनी दाखवले. सातेरीला पोळ्यासाठी अंधारी पोकळी लागते. पिंगळे आणि पोपटही अशाच जागा शोधतात. गाभा कुजवणाऱ्या बुरश्या नसत्या, तर रानात ढोल्या फारच थोड्या झाल्या असत्या. काजूच्या मोहराच्या दिवसांत घरामागे मधमाश्या असणे हेही काही कमी नाही. मी एवढेच म्हणालो, की पैशाची निकड असेल तर यंदा विका, नसेल तर ठेवा; पण चार-दोन वर्षांनी भाव वाढेल म्हणून ठेवू नका, वाढायचा नाही.

निघता निघता वहिनींच्या सासूबाई आतून एक फडक्यात बांधलेला काळा तुकडा घेऊन आल्या. "हे पण त्यातलेच काय हो?" तो फणसोंबा होता, म्हणजे फणसाच्या खोडावरचे आळंबे. कोकणातल्या जुन्या घरांत तो सापडतो. लहान मुलाची लाळ फार गळू लागली की सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावतात. तोही फेलिनसच्याच कुळातला. पुणे विद्यापीठाचे डॉ. जे. जी. वैद्य यांनी १९९० च्या दशकात या वापराची शास्त्रीय लेखांतून नोंद केली आहे. सासूबाईंना हे ऐकून बरे वाटले. पण खैरावरचे आळंबे त्याच्याऐवजी उगाळू नका, असे मी बजावले. काळी आणि टणक आळंबी दिसायला सारखी असतात, आणि मुलाच्या तोंडात काय जाते ते नेमके माहीत हवे.

तांबड्या आळंब्याबद्दलही एक सांगायचे राहिले. चीन-जपानकडे त्याच्या भावंडाला औषध म्हणून मोठा मान आहे. त्यामुळे गावात कोणीतरी येऊन "ही आळंबी गोळा करा, किलोला एवढे देऊ" असे म्हणतो. भाऊजींनाही कोणी म्हणाले होते. बाजारातला बहुतेक माल भुशावर आणि ओंडक्यांवर मुद्दाम वाढवलेला असतो. रानातली चार आळंबी विकून घर चालत नाही, आणि नुसती आळंबी काढून नेली की झाड वाचले असे समजून पुढचे काम राहून जाते.

परतताना पाऊस पुन्हा सुरू झाला. एस. टी.ची वाट पाहत थांब्यावर उभा होतो, तिथून वरकसाचा उतार दिसत होता. अण्णा डोक्यावर इरले घेऊन खालच्या ओळीत काठीने चराची रेघ आखत होते. मी सांगितल्याहून ती एक झाड पुढे गेली होती. भाऊजी पहार घेऊन मागे उभे होते आणि म्हणत होते, "अण्णा, इथून नको, खाली कातळ लागेल." दोघांचे बोलणे सुरू झाले होते एवढे खरे. भाद्रपदात मी पुन्हा जाणार आहे. शेजारच्या झाडाचे मूळ पाहायचे राहिले आहे.